रागवता न येणारी गाडी

त्या रविवारी दुपारी मी घर सोडून जायचं ठरवलं. (कायमचं नव्हे. संध्याकाळपर्यंत. सोमवारी ऑफिस होतं.)

कारण सांगतो. आमच्या घरात सगळं बायकोचं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गॅलरी माझी. तिथल्या खुर्चीत बसून मी पेपर वाचतो, समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे बघतो, आणि आपणही कुणीतरी आहोत असं मला तेवढ्यापुरतं वाटतं. तर जेवताना सहज कळलं की त्या गॅलरीत मेहुण्याचं ट्रेडमिल येणार आहे.

"कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"आपण," बायको म्हणाली.

"आपण म्हणजे कोण?"

"मी आणि हा." हा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो समोरच बसून शांतपणे केळं सोलत होता.

"मला कुणी विचारलं?"

"विचारलं की! तुम्ही मान हलवलीत."

"अगं, मी पंख्याकडे बघत होतो! पंखा हलत होता, म्हणून मान हलली!"

"मग तेव्हाच बोलायचं ना," असं म्हणून तिनं भावाला दुसरं केळं दिलं.

माझं डोकंच फिरलं. पण नुसतं डोकं फिरून आमच्या घरात काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. राग दिसावा लागतो, ऐकू यावा लागतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक कॉन्ट्रॅक्टर राहतात. घरात वाजलं की ते तडातडा जिना उतरतात, जीपमध्ये बसतात आणि असे निघतात की टायर किंचाळतात, धूर निघतो, अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडतात. ते परत येतात तेव्हा त्यांची बायको फाटकाशी उभी असते. डोळ्यांत पाणी! हा मान मला लग्नानंतर एकदाही मिळालेला नाही.

मी किल्ली उचलली. "मी चाललो!" म्हणालो आणि तडातडा जिना उतरलो. (शेवटच्या वळणावर कठडा धरला. गुडघा दुखतो.)

आमची गाडी ऑटोमॅटिक आहे. मी दार आपटलं. ते 'थप्प' असं उशी पडल्यासारखं वाजलं. गाडी सुरू केली, तर पट्टा लावला नाही म्हणून टिंग टिंग सुरू झालं. घर सोडून जाणाऱ्या माणसाला हे शोभतं का? पण टिंग टिंग थांबेना, म्हणून लावला. मग दात-ओठ खात अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला.

गाडीनं क्षणभर विचार केला. समोर एक पिवळा दिवा लुकलुकला. आणि मग इस्पितळातली चाकाची खुर्ची ढकलावी तशी ती निघाली. वेग घेतला, नाही असं नाही, पण आवाज म्हणाल तर शून्य. ना किंचाळी, ना धूर. फाटकातलं मांजरसुद्धा उठलं नाही, मलाच वळसा घालावा लागला.

वरून हाक आली, "अहो, जाताच आहात तर लाँड्रीतले कपडे आणा!"

मी कपडे घेऊन आलो. (काय करणार? लाँड्री संध्याकाळी बंद असते.)

पण हार मानली नाही. पुन्हा निघायचं आणि या वेळी टायर वाजवायचेच. आता गाडीतलं कळणारा आमच्या घरात एकच माणूस, तो म्हणजे मेहुणा. ज्याच्यावर रागावून जायचं, त्यालाच खाली बोलवावं लागलं.

"भाऊजी, टायर कशाला घासायचेत?"

"घर सोडून चाललोय."

"अच्छा," तो म्हणाला. "जेवायला आहात ना रात्री?"

मग बॉनेटवर टेकून त्यानं मला समजावलं. क्लचच्या गाडीत म्हणे इंजिन आधी जोरात फिरवून ठेवायचं आणि क्लच एकदम सोडायचा. सगळी ताकद एका दणक्यात चाकांवर येते आणि चाकं जागच्या जागी घसरतात. आपल्या गाडीत मध्ये तेल भरलेला डबा असतो. इंजिनची ताकद त्या तेलातून मुरत मुरत चाकांपर्यंत जाते. त्यातूनही चाक घसरलंच, तर गाडीतला कॉम्प्युटर लगेच इंजिनचा गळा आवळतो.

"त्याला कुणी सांगितलं मध्ये पडायला?"

"तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे ते."

"म्हणजे मी रागवायचंच नाही?"

"रागवा की! चाकांना कळणार नाही, एवढंच."

मला एकदम भडभडून आलं. माझा राग निघायचा पोटातून भडक, आणि पोहोचेपर्यंत त्याचं कोमट पाणी व्हायचं. ऑफिसात तेच, घरात तेच, आणि आता गाडीतही तेच.

मेहुणा तसा मनानं वाईट नाही. त्यानं स्टिअरिंगखालचं एक बटण दाबून कॉम्प्युटरचा पहारा उठवला. "आता ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही दाबा, आणि ब्रेक झटकन सोडा." मी दोन्ही दाबले. इंजिन नुसतं कण्हलं. ब्रेकवर पाय आहे म्हणजे या गृहस्थाला थांबायचंच असणार, अशी गाडीची ठाम समजूत. माझ्याबद्दल सगळ्यांची तीच समजूत आहे.

एव्हाना बायको गाडीतले कपडे घ्यायला खाली आली होती. वरच्या खिडकीतून कॉन्ट्रॅक्टरही सूचना करत होते. "कोरड्यावर नाही जमणार! त्या नळापाशी घ्या, साबणाचं पाणी सांडलंय!" माझ्या रागावर आता सोसायटीची मीटिंगच भरली होती.

गाडी नळापाशी घेतली. पुढची चाकं फेसात उभी केली. डोळे मिटले आणि दाबलं.

फिरली! चाकं फिरली हो! गरगर फिरली! पण ओल्या फरशीवर टायर किंचाळत नाही, नुसता 'फुर्र' करतो. फेस उडाला तो मेहुण्याच्या पांढऱ्या पँटवर आणि बायकोच्या हातातल्या, मीच आणलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांवर. आणि एवढं होऊन गाडी? जागची हलली नाही. पुढे जाईना, मागे येईना.

"बंद करा!" बायको ओरडली. "उतरू नका, घसराल! आम्ही ढकलतो."

आणि मग ते घडलं. बायको, मेहुणा आणि धावत खाली आलेले कॉन्ट्रॅक्टर, तिघांनी 'हैश्या' करून मला ढकललं. घर सोडून जाणाऱ्या माणसाला अडवतात, विनवतात, असं ऐकलं होतं. मला घरच्यांनी जोर लावून फाटकाबाहेर काढलं. आरशात बघितलं तर बायको हात झटकत होती.

शेवटच्या जोराला मेहुण्याचा पाय फेसावरून सटकला. मग घर सोडणं राहिलं बाजूला आणि त्याला गाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. घोटा मुरगळला होता. डॉक्टरांनी पाय वर ठेवून बसायला सांगितलं, चालणं बंद. म्हणजे ट्रेडमिल बारगळलं! मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "मोकळ्या हवेत बसवा."

तेव्हापासून तो माझ्या गॅलरीत, माझ्या खुर्चीत, माझ्या स्टुलावर पाय ठेवून बसतो. पेपरही आधी तोच वाचतो.

मी हल्ली ऑफिसातून आल्यावर थोडा वेळ खाली गाडीतच बसून राहतो. परवा बायको खाली आली, शेजारचं दार उघडून आत बसली.

"फार मनाला लागलं का हो गॅलरीचं?" तिनं विचारलं. "मी विचारायला हवं होतं तुम्हाला."

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. समोरच्या भिंतीवर नजर लावून मी बोलायला लागलो. गॅलरीपासून सुरुवात केली, आणि मग मागे मागे जात पार लग्नातल्या रुसव्यांपर्यंत पोहोचलो. एवढं सलग, न अडखळता, मी आयुष्यात बोललो नव्हतो. तिनं एकदाही मध्ये तोडलं नाही. "आता तूच सांग," मी शेवटी म्हणालो आणि वळून पाहिलं.

ती गाढ झोपली होती. एसी सुरू होता. गाडी तशी फार आरामशीर आहे.

मी एसी थोडा कमी केला. भाषणाचे दोन मुद्दे राहिले होते, ते तिची झोप मोडणार नाही अशा बेतानं, अगदी हळू आवाजात, पण अतिशय रागानं मांडले.