आपला नंबर कितवा?

आमच्या कामावर दोन बायका घमेल्यावरून भांडल्या, की तात्या मुकादम मध्ये पडायचे आणि विचारायचे, "डेन्मार्कात असं भांडलं असतं का कुनी?" बायका भांडण विसरून त्यांच्याकडे बघत राहायच्या. भांडण मिटवायची याहून चांगली युक्ती मी आजवर पाहिलेली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी कर्जत तालुक्यात खडी फोडायच्या सरकारी कामावर हजेरी कारकून होतो. तात्या त्याआधी एका मिशन दवाखान्याच्या बंगल्यात आचारी होते. तिथले एक डॉक्टर स्वीडनचे, दुसरे नॉर्वेचे आणि नर्सबाई डेन्मार्कच्या. शेजारी देशांची माणसं ती, जेवताना रोज त्यांची इंग्रजीत जुंपायची: गोरगरिबांचं कुणाचं सरकार जास्त बघतं? तात्या वाढता वाढता ऐकायचे. ऐकून ऐकून इंग्रजी कळायला लागलं, आणि पुढे थोडं पदरचंही घालत असावेत.

"स्वीडनमधी म्हाताऱ्याला घरबसल्या पेन्शन. नॉर्वेत बी हाय, पर स्वीडनवाले म्हनत्यात, आमचीच मोठी."

"आन् आपल्याकडं वो, तात्या?" कुणीतरी काडी घालायचं.

"सुकडी हाय की," म्हणत ते मजुरांना वाटायच्या सरकारी सुकडीच्या पिठाच्या पोत्याकडे बोट दाखवायचे. मला तर या तिन्ही देशांचा वीट आला होता.

कामावरची यमुना बाळंत झाली. आठ दिवस गैरहजर राहिलं की नाव कापायचं, असा नियम होता. तिचा नवरा पाय मोडून पडलेला. तिचं नाव गेलं असतं तर घरात चूल पेटली नसती. सातव्या दिवशी तात्या माझ्याकडे आले.

"स्वीडनमधी बाळंतिनीला घरी बसून पगार. नॉर्वेत जरा कमी. डेन्मार्काचं इचारू नका, त्यावरनं नर्सबाई जेवन सोडून उठायच्या."

"तात्या, हा कर्जत तालुका आहे."

"म्हनून तर इचारतो, भाऊसाहेब. आपला नंबर कितवा?"

मी वैतागून त्यांना वाटेला लावलं. नियम काही माझ्या बापाने केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो, तर यमुनाच्या जागेवर तात्या. धोतर खोचून बायकांच्या रांगेत बसलेले, हातात हातोडी, अंगठ्याला चिंधी. जन्मभर कांदे चिरलेला माणूस, त्याच्याच्यानं खडी कसली फुटते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण जाता-येता प्रत्येकजण त्या ढिगावर ओंजळभर खडी टाकून जात होती.

"तात्या, उठा. मोजणीच्या साहेबानं पाहिलं तर तुमचंच काम जाईल."

"जाऊ द्या. ढीग पुरा भरला म्हंजी तिची हजेरी धरता यील, नाव तर ऱ्हाईल."

"तुमची कोण लागते ती?"

"कुनी न्हाई." हातोडी थांबली. "माजी रखमा बाळंत झाली अन् पाचव्या दिवशी खुरपायला गेली. त्याच दुपारी बंगल्यात वाद चालला हुता, बाळंतिनीनं किती म्हैनं घरी बसावं. मी वाढत हुतो. भाऊसाहेब, ह्ये आपल्या रखमाला बी लागू हाय, असं मला येकदा बी सुचलं न्हाई. घरी गेलो तर ती तापानं फनफनलेली. तिसऱ्या दिशी गेली."

मला माझीच लाज वाटली. तिथेच मांडीवर हजेरीपट उघडला आणि यमुनाच्या नावापुढे 'हजर' लिहिलं.

तात्यांना वाचता येत नव्हतं. चिंधीचा अंगठा पुसून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "ह्ये तिचंच ना?"