हळहळ हॉलिडेज

हळहळ हॉलिडेज या सांगलीच्या कंपनीकडे भांडवल होतं, गाडी होती, गारेगार ऑफिस होतं. फक्त ओळख नव्हती. ती करून घ्यायला मालक जयराज आणि त्याची डिझायनर वल्लरी रहिमतपुरात आकारामच्या फ्लेक्सच्या दुकानात आले. आकारामचं काम चोख होतं. वाढदिवस आणि श्रद्धांजली दोन्हींना त्याच्याकडे एकच साचा चाले. श्रद्धांजलीत फुलं पांढरी करायची आणि 'शुभेच्छुक' काढून 'शोकाकुल' घालायचं. खालचे पुढारी दोन्हीकडे तेच, आणि तेवढेच हसरे.

"काका, लोकांना थंड हवेचा कंटाळा आलाय, किल्ल्यांचाही आलाय," जयराज म्हणाला. "लोकांना आता दुःख बघायचंय. आम्ही ते सोयीच्या वेळेत दाखवतो."

"म्हंजी वं?"

"सांगलीत पूरदर्शन. पाणी कुठवर चढलं होतं ती भिंतीवरची रेघ बघायची आणि रेघेखाली बसून जेवायचं. आटपाडीत दुष्काळ सफारी. रिकामी घागर डोक्यावर घेऊन चालायचं, शेवटी बाटलीचं पाणी."

"आटपाडी माझी सासरवाडी हाय. तिकडं आता डाळिंबं हायती, लय. पाणी आलंय की कवाच."

"तीच तर अडचण आहे," जयराज गंभीर झाला. "दुष्काळाचा दर्जा राहिलेला नाही. निदान रविवारी तरी ठिबक बंद ठेवा, अशी आम्ही शेतकऱ्यांना विनंती केलीय."

वल्लरीने लॅपटॉप उघडला. "ब्रँडचा स्वभाव दुःखी हवा, पण अंगाला चिकटणारा नको. गिऱ्हाइकाला हळहळ वाटावी, भूक मात्र मरू नये. रंग राखाडी ठरलाय. चिन्ह म्हणून पणती घेतली होती, पण ती दिवाळीची वाटते."

"कावळा घ्या," आकाराम म्हणाला.

वल्लरीने तिथेच पणती पुसून कावळा बसवला. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी कंपनीने पुण्याच्या सल्लागाराला तीन बैठका दिल्या होत्या.

कावळा आकारामच्या मनात ताजा होता. त्याची बायको हरणाबाई गेल्या वर्षी माहेरी निघाली होती. गावाबाहेरच्या चिंचेच्या वळणावर ती एसटीची वाट बघत उभी असताना एका भरधाव गाडीने तिला उडवलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलाने घर रंगवायचं कबूल केलं, सुनेने तुळशीला रोज दिवा लावायचं कबूल केलं. कावळा फांदीवरून हलला नाही. शेवटी आकाराम हात जोडून म्हणाला, "हरणे, त्या वळणावर गाड्या हळू करायला लावतो बघ. गतिरोधक बसवूनच घेतो." तसा कावळा खाली आला आणि शिवला. पक्ष्यासमोर दिलेला शब्द होता. त्यातून सुटका नव्हती.

रस्त्याच्या कार्यालयातल्या साहेबांवर मात्र कावळ्याचं बंधन नव्हतं. "एका अपघाताला आम्ही योगायोग धरतो," ते म्हणाले होते. "गतिरोधकाला पुरेसे अपघात लागतात."

"पुरेसे म्हंजी किती, सायेब?"

"आकडा जाहीर करता येत नाही. लोक गैरफायदा घेतात."

मग आकारामने स्वतःच्या पदराला खार लावून वळणावर फ्लेक्स लावला: 'वाहने सावकाश चालवा'. तो कुणीच वाचला नाही. गाड्या इतक्या जोरात गेल्या की वाऱ्यानेच तो फाटला.

आकारामने हे सगळं सांगितलं तसे वल्लरीचे डोळे भरून आले आणि जयराजचे चमकले. "काका, तुमचं वळण आम्हाला द्या! खंडाळ्याच्या घाटापासून एक अपघात-दर्शन चालू करतोय. शेवटचा थांबा तुमचा."

"देतो की. पर बोर्ड वळणाच्या अलीकडं लागंल. आन् मोठा."

हरणाबाईचा फोटो एकच होता, भाचीच्या लग्नातला. त्यात ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"हसणं ब्रँडमध्ये बसत नाही," वल्लरी म्हणाली आणि तिने कॉम्प्युटरवर हरणाबाईच्या ओठांची टोकं खाली ओढली.

आकारामने पडद्याकडे पाहिलं. "ही कोण बाई?"

"काकूच आहेत. थोड्या दुःखी केल्यात."

"पोरी, छत्तीस वर्सांच्या संसारात माझ्यावर लय येळा रुसली ती, पर अशी न्हाई दिसली कवा. हसू द्या तिला. न्हाईतर बोर्ड न्हाई."

जयराजने 'हसरं दुःख' अशी नवी संकल्पना जागीच तयार केली आणि हरणाबाई हसती राहिली. बोर्ड लागला. वर कावळा, मध्ये हरणाबाई, खाली अक्षरं: 'याच जागी घडले! हळहळण्यासाठी थांबा.'

आणि काय सांगावं! जी गाडी 'सावकाश'ला जुमानत नव्हती, ती 'घडले' वाचून गोगलगाय झाली. उसाचे ट्रॅक्टर हळू झाले, वऱ्हाडाच्या गाड्या हळू झाल्या, काचा खाली आल्या, मोबाइल बाहेर आले. गावातल्या बनुबाईने वळणावर भज्यांचा गाडा लावला. एकदा तर रस्त्याच्या कार्यालयातले साहेबच उतरले, हरणाबाईशेजारी उभं राहून फोटो काढला आणि दोन प्लेट भजी बांधून घेऊन गेले.

वर्षभर वळणावर कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. घोटाळा झाला तो तिथेच.

आकारामच्या अर्जाला कार्यालयाचं उत्तर आलं: वर्षात एकही अपघात नाही, सबब गतिरोधकाची गरज उरत नाही, प्रकरण बंद. त्याच आठवड्यात जयराजही आला. "काका, पॉइंट थंड पडलाय. गिऱ्हाइकं म्हणतात, एवढ्या लांब आलो आणि ताजं काहीच नाही. बोर्ड आम्ही काढतोय."

"बोर्ड काढला तर मानसं मरतील की रं!"

"मग परत लावू ना, काका. आणि तेव्हा तुमचा गतिरोधकही मंजूर होईल. सगळ्यांचाच फायदा."

हिशोब बिनचूक होता. सगळ्या यंत्रणा एकमुखाने फक्त एका प्रेताची वाट बघत होत्या.

संध्याकाळी कंपनीने बोर्ड उतरवला. सकाळ व्हायच्या आत आकारामने आपल्या पैशाने नवा उभा केला. त्यावर कावळा नव्हता, हरणाबाई नव्हती. ती त्याने दुकानात गल्ल्यामागे लावली, हसती. बोर्डावर एवढंच होतं: 'पुढे भीषण अपघात झाला आहे. फोटो काढू नयेत.'

गाड्यांची रांग लागली. बनुबाईला भजी पुरेनात. दुपारी रजेवर आलेला एक फौजी तावातावाने दुकानात शिरला.

"काय आकारामदाजी, फसवता व्हय लोकांना? मी सगळं वळण हुडकलं. कायबी न्हाई तितं!"

"खोटं काय लिवलंय गड्या? अपघात झालाय की. कवा झाला ते लिवलेलं न्हाई."

फौजीची नजर गल्ल्यामागच्या फोटोवर गेली. मग टोपी काढून गेला.

बोर्ड अजून तिथे आहे. वर बऱ्याचदा एक कावळा येऊन बसतो. तुम्ही त्या रस्त्याने गेलात तर तुम्हीही गाडी हळू कराल, काच खाली घ्याल, मान बाहेर काढाल. पुढे रस्ता मोकळा असेल, कुणी मेलेलं नसेल, आणि तुमचा जरासा हिरमोड होईल. होऊ द्या. सरकारला जमला नाही तो गतिरोधक आकारामने त्या हिरमोडावरच बांधलाय.