प्रतिज्ञा म्हणा, मुळेभाऊ

दर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला माझा फोन वाजायचा आणि नमस्कार-चमत्कार न करता पलीकडून हुकूम यायचा, "म्हणा, मुळेभाऊ." मी चहाचा कप खाली ठेवायचो, उजवा हात छातीवर घ्यायचो (तो कोणाला दिसत नसे, पण सवय) आणि आमच्या सेवा क्लबची प्रतिज्ञा म्हणायचो: "मी या क्लबचा सभासद, माझ्या गावाच्या सुखदुःखात भागीदार राहीन, ज्याला कोणी नाही त्याच्या दाराशी आधी जाईन आणि केलेल्या मदतीची वाच्यता कधी करणार नाही." शेवटचा शब्द संपला की "हं, या" एवढं ऐकू यायचं आणि फोन बंद. या परीक्षेत पास झाल्याशिवाय वामनराव पराते कोणालाही ऑनलाइन सभेत घेत नसत.

वामनराव आमच्या क्लबचे सार्जंट. म्हणजे सभेची शिस्त सांभाळणारे. हॉलमध्ये सभा भरायच्या तेव्हा दाराशी उभं राहणं, खुर्च्या लावणं आणि घंटा वाजवणं ही त्यांची कामं. लॉकडाउन लागला, हॉलला कुलूप पडलं आणि सभा मोबाइलवर आली. तिथे दार म्हणजे एक बटण. ते बटण अध्यक्ष क्षीरसागर मॅडमनी मोठ्या विश्वासाने वामनरावांच्या हाती दिलं, आणि सहा महिन्यांनी पस्तावल्या.

या माणसाला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नागपुरात सक्करदऱ्याला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. मूळचे उमरेडचे, घरी पिढ्यान् पिढ्या हातमाग. मोठे भाऊ म्हातारपणापर्यंत मागावर बसायचे. वामनरावांना मात्र मागावर दहा मिनिटं बसवेना, म्हणून वडिलांनी कंटाळून त्यांना विजेच्या खांबावर चढायला पाठवलं, असं ते स्वतःच सांगत. वीज खात्यात तीस वर्षं काढून ते खांबावरून उतरले, पण जमिनीवर काही टेकले नाहीत. पत्नी सात वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा बंगळुरूला. त्याच्याशी त्यांचं बोलणं मिनिटभरात आटोपायचं, कारण वामनराव समोरच्याचं वाक्य पुरं होण्याची वाट कधी पाहत नसत. ते स्वतःच पुरं करून टाकत आणि वर म्हणत, "समजलं. समोर चाला." नागपुरात पुढे जायचं नसतं, समोर जायचं असतं.

एकदा क्लबात गुडघेदुखीवर एका डॉक्टरांचं व्याख्यान होतं. डॉक्टर म्हणाले, "गुडघे शाबूत ठेवायचे तर रोज..." मागून आवाज आला, "चालावं. समजलं. समोर चाला." चाळीस मिनिटांचं व्याख्यान अकरा मिनिटांत संपलं आणि डॉक्टर चहा न घेताच गेले. आमच्याकडे आले की बायको विचारायची, "चहा घेता की..." ते म्हणायचे, "सरबत. समजलं. काही नको." तिला खरं तर कॉफी म्हणायचं असायचं.

ऑनलाइन सभेत तर कहरच. बाकी सगळे आपापल्या चौकटीत पासपोर्टच्या फोटोसारखे बसलेले, आणि वामनराव मोबाइल हातात घेऊन घरभर फिरत. आम्हाला आळीपाळीने पंखा, स्वयंपाकघरातले डबे, वाळत घातलेले बनियन, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि मधूनच तलावाचा एक तुकडा दिसायचा. आमच्या एका सभासदाला त्यामुळे चक्कर यायला लागली. त्यांनी वामनरावांच्या चौकटीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून टाकली. दर पाच मिनिटांनी चौकटी जागा बदलत, तशी तेही चिठ्ठी बदलत. क्षीरसागर मॅडम दर सभेला विनवायच्या, पराते साहेब, जरा बसा. ते म्हणायचे, बसून काय करू.

कोरोनाच्या पहिल्या लाटेत, सप्टेंबरात, उमरेडचे मोठे भाऊ गेले. त्या गुरुवारी वामनराव सभेला नव्हते. वीस-बावीस वर्षांतली ती त्यांची पहिली गैरहजेरी. आम्ही फोन करून सांत्वन केलं. "समजलं," म्हणाले. मी काय बोलणार होतो ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

पुढच्याच गुरुवारपासून हे प्रतिज्ञेचं सुरू झालं. आधी गंमत वाटली, मग राग यायला लागला. क्लबात वकील, व्यापारी, मुख्याध्यापक, सगळे साठीच्या आगेमागे. त्यांना शाळेतल्यासारखं पाठांतर म्हणायला लावायचं? त्यातून नियम कडक. मध्ये थांबायचं नाही. थांबलं की "परत, पयल्यापासून." एकदा माझ्याकडे मिक्सर सुरू झाला म्हणून मी अडखळलो, तर तीनदा म्हणवून घेतली. दुसऱ्याचं वाक्य तोडण्यात हयात गेलेला हा माणूस प्रतिज्ञा ऐकताना मात्र मध्ये चकार शब्द काढत नसे. हे मला विचित्र वाटायचं, पण त्यावर विचार कोण करतो?

मार्चमध्ये दुसरी लाट आली. रोज कोणाचं तरी कोणीतरी जात होतं. मनं आधीच हळवी झालेली, त्यात हा गुरुवारचा जाच. शेवटी क्षीरसागर मॅडमनी ठराव मांडला: सार्जंटांनी सभासदांना फोन करू नये, प्रतिज्ञा अध्यक्षांच्या आवाजात रेकॉर्ड करून सभेच्या सुरुवातीला वाजवावी, आणि दाराचं बटण काढून सगळ्यांना थेट आत येऊ द्यावं. हात वर करायला सांगितले. भराभर हात वर झाले. माझाही झाला. लपवून काय उपयोग?

वामनराव तेव्हा गच्चीवर होते. त्यांच्या चौकटीत बराच वेळ नुसती पाण्याची टाकी दिसत राहिली, जराही न हलता. मग आवाज आला, "मंजूर. समजलं. समोर चाला."

पुढच्या गुरुवारी पाचला फोन वाजला.

मला चार दिवस ताप होता. कूलरचं पाणी बाधलं, असं मी घरात जाहीर केलं होतं. एप्रिलमध्ये नागपूरचा माणूस कुठलंही दुखणं कूलरच्या माथी मारतो आणि निश्चिंत होतो. बायको तपासणी करा म्हणत होती, मी उद्या उद्या करत होतो. फोनवर वामनरावांना मी जरा फटकारलंच, की ठराव झाला आहे, आता हे बंद.

"ठराव क्लबचा हाये," ते म्हणाले. "मी शेजारी म्हणून फोन करून राहिलो. म्हणा."

वाद घालायचंही त्राण नव्हतं. मी सुरू केलं. "मी या क्लबचा सभासद..." आणि थांबलो. "माझ्या गावाच्या..." पुन्हा थांबलो. सुखदुःखात भागीदार होईपर्यंत मला दोनदा श्वास घ्यावा लागला. दाराशी जाईस्तोवर मी भिंतीला टेकलो. ते पुढचा शब्द सांगतील म्हणून मी वाट पाहिली, पण त्यांनी तो सांगितला नाही. मी प्रतिज्ञा कशीबशी संपवली.

"पाच जागी थांबले तुम्ही," ते म्हणाले. "वहिनीले फोन द्या."

दहा मिनिटांत त्यांची जुनी गाडी आमच्या फाटकाशी. तोंडावर दोन मास्क, गाडीच्या चारही काचा खाली. धंतोलीतल्या दोन दवाखान्यांनी परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरची बाई म्हणाली, "बेड..." वामनराव म्हणाले, "हाये. समजलं. कोणत्या मजल्यावर ते सांगा." तिला नाही म्हणायचं होतं हे मलाही कळत होतं. पण ती गोंधळली, उठून आत गेली, आणि तासाभराने एक बेड खरोखर रिकामा झाला. डॉक्टरांनी नंतर बायकोला सांगितलं, की उद्यावर ढकललं असतं तर कठीण होतं.

दहाव्या दिवशी मी घरी आलो. तोवर बायकोला कळलं होतं, की त्या गुरुवारी वामनरावांनी सगळ्याच सभासदांना फोन केले होते. बऱ्याच जणांनी उचलले नाहीत. दोघा-तिघांनी खरमरीत ऐकवून फोन ठेवला. संध्याकाळी ते फाटकापाशी आले. मी वऱ्हांड्यात खुर्चीवर, ते बाहेर रस्त्यावर, फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत. मी विचारलं, हे प्रतिज्ञेचं तुम्हाला सुचलं कसं?

"दादाचा उमरेडहून फोन आला होता," ते म्हणाले. "'वामन, मले' म्हणे, आन् थांबला. म्या म्हटलं, हाव, बरं वाटून नाही राहिलं, समजलं. मंग 'तू जरा' म्हणे, आन् पुन्हा थांबला. म्या म्हटलं, उद्या येतो, समजलं, आराम कर. फोन ठेवला. मले वाटलं, बुढा हळू बोलून राहिला. त्याचा दम पुरत नव्हता गा. सकाळी गेलो तं सारं आटोपलं होतं."

दोन येरझाऱ्या झाल्या.

"त्याले काय म्हणायचं होतं, मुळेभाऊ, ते मले माहीतच नाही."

मला रडू आलं, आणि ते लपवण्याइतकी शक्ती अंगात नव्हती. ते आपले चालत राहिले. जरा वेळाने मी विचारलं, तुम्ही सगळ्यांची प्रतिज्ञा ऐकता, तुमची कोण ऐकतं? या माणसाकडे प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असायचं. या वेळी त्यांनी प्रश्न पुरा ऐकून घेतला आणि फाटकाची कडी नीट लावली. "येतो," म्हणाले आणि निघाले.

पुढच्या गुरुवारी पावणेपाचला मीच फोन लावला.

"म्हणा, वामनराव."

"मले काय झालं?"

"काही नाही. म्हणा."

पलीकडे त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मी या क्लबचा सभासद..." आणि थांबले. मी विचारलं, दम लागतो का?

"दम नाही गा," ते ओशाळून म्हणाले. "समोरचं येत नाही मले. सभेत तुम्ही लोक म्हणत होते तवा मी खुर्च्या लावत होतो. फोनवर ऐकत होतो तं शब्दाकडे ध्यानच नव्हतं, तुमच्या श्वासाकडे होतं."

बावीस वर्षं क्लबात असलेला सार्जंट, आणि प्रतिज्ञा पाठ नाही. मग मी एकेक तुकडा सांगत गेलो आणि ते माझ्या मागून म्हणत गेले. ज्याला कोणी नाही त्याच्या दाराशी, इथवर मी सांगितलं आणि थांबलो. त्यांनी घाई केली नाही. सावकाश, एकेक शब्द उच्चारत त्यांनी ते म्हटलं. मग म्हणाले, "बोला मुळेभाऊ, समोर काय हाये? मी ऐकून राहिलो."