एका मोटारसायकलीची हालचाल नोंदवही

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्याइतका व्यवस्थित माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही! एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये मी बावीस वर्षं काढली आहेत. चौदा हजार फायली आहेत तिथे, आणि त्यातली एकही आजवर हरवलेली नाही. हरवेलच कशी? माझ्या टेबलावर हालचाल नोंदवही असते. फाईल उचलायची तर आधी तीत लिहायचं: क्रमांक, कोणी नेली, कशासाठी नेली, सही. मॅनेजरसाहेबांनासुद्धा मी सहीशिवाय फाईल दिलेली नाही. एकदा आगीची घंटा वाजली तेव्हा सगळे जिवाच्या आकांतानं पळत होते आणि मी दारात वही घेऊन उभा होतो. दोघांनी सही केलीसुद्धा!

आणि अशा माणसाला त्याचे सासरे मेव्हणीच्या घरी, पंचवीस माणसांसमोर म्हणतात, "आमच्या जावईबापूंना साधा बल्ब बदलता येत नाही!"

बल्बचं प्रकरण खरं आहे, नाही म्हणत नाही. पण त्यात थोडी बल्बचीही चूक होती. सगळे खो खो हसले. बायकोही हसली, ते जास्त झोंबलं. मी ताडकन उठलो आणि बोलून बसलो:

"बाबा, तुमच्या पंचाहत्तरीच्या वाढदिवसाला तुम्ही तुमच्या जुन्या मोटारसायकलवरून फेरी मारणार! ती गाडी मी चालू करणार. घरी. या दोन हातांनी!"

सासरेबुवांच्या हातातला कप बशीवर खडखडू लागला. मला वाटलं, बिचाऱ्यांना गहिवरून आलं.

ती मोटारसायकल म्हणजे सासरेबुवांचा जीव की प्राण. काळीभोर, पोट सुटल्यासारखी गोल टाकी. पस्तीस वर्षं त्यांच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. सासरेबुवा दर रविवारी ताडपत्री काढायचे, गाडी पुसायचे, पुन्हा झाकायचे. चालू कधीच केली नाही. पण गोष्टी काय एकेक! "आम्ही दोघं हिच्यावरून थेट समुद्रापर्यंत गेलो होतो!" "आम्ही दोघांनी एकदा पुराच्या पाण्यातून गाडी काढली!" माझी बायको या गोष्टी ऐकतच लहानाची मोठी झाली. तिच्या लेखी जगात शूर माणूस एकच, आणि तो मी नव्हे.

"कशाला उगाच त्रास घेता?" सासरेबुवा पुटपुटले. "असू दे तशीच."

"आधी प्लग बघा," सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "काळा पडला असेल."

मी हसलो. म्हटलं, कुठेतरी ऐकलं असेल.

घरी येताना बायकोनं बजावलं, "हे बघा, बाबांना शब्द दिलाय तुम्ही. फजिती झाली ना, तर बल्ब परवडला म्हणाल!"

आठवड्याभरात मोटारसायकल आमच्या हॉलमध्ये आली. सोफा बेडरूममध्ये गेला. बेडरूममधलं कपाट बाल्कनीत गेलं. मी गाडी पूर्ण खोलली. तीनशे शहाऐंशी भाग! प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक. आणि हॉलच्या दाराला सुतळीनं टांगली वही, वहीला पेन. वर नियम चिकटवला: 'सहीशिवाय कोणताही भाग हलवू नये.'

"चहात साखर घालायला पण सही करू का?" बायकोनं विचारलं.

"साखर माझ्या यादीत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी एक वॉशर तिच्या तळपायाला चिकटून स्वयंपाकघरात गेला. मी तिला लगेच परत बोलावलं आणि रीतसर लिहून घेतलं: 'क्रमांक २०३, वॉशर. कारण: पायाला चिकटून.' तिनं सही केली. सही करताना पेनाची निब मोडली, पण केली.

सासरेबुवा दर रविवारी काम बघायला येऊ लागले. निवृत्त मुख्याध्यापक ते, शिस्तीचे पक्के. पहिल्या रविवारी चष्मा लावून त्यांनी माझा नियम दोनदा वाचला आणि मान डोलावली.

"वा! नियम म्हणजे नियम!"

लग्न झाल्यापासून त्यांनी केलेलं माझं हे पहिलं कौतुक. मी त्यांच्यासाठी चहा करायला आत पळालो.

सोमवारी मी सुट्या भागांची हजेरी घेतली, आणि काय सांगू तुम्हाला! क्रमांक एकशे सतरा गैरहजर! ब्रेकचा पेडल! मी हॉल पालथा घातला. सोफ्याखाली पाहिलं, सोफ्याच्या पोटात हात घालून पाहिलं. शेजारच्या मांजरावर दोन दिवस पाळत ठेवली.

"अहो, एवढी वही टांगलीय तर वही बघा ना!" बायको म्हणाली.

"वहीत काय बघायचं? चोर काय सही करून नेतो?"

ती भांडी घासायला निघून गेली. पटलं असावं.

पुढच्या सोमवारी चावीचा स्विच गायब. त्यापुढच्या सोमवारी ॲक्सिलरेटरची स्प्रिंग. मग दिव्याची रिंग, मग क्लचची तार. मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला यादी दाखवली. त्यानं यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आकाशाकडे.

"साहेब, या गाडीचे पार्ट आता वरच मिळतील."

पण हार मानेल तो मी कसला! मी घरात नजर फिरवली. अहो, घर म्हणजे नुसती खाणच असते पार्टांची! ब्रेकच्या पेडलला मी स्वयंपाकघरातला डाव वाकवून बसवला. दिव्याला कुकरची रिंग अशी बसली, जणू तिच्यासाठीच जन्मली होती. ॲक्सिलरेटरला कपड्याच्या चिमट्याची स्प्रिंग. क्लचला कपडे वाळत घालायची तार. आणि चावीच्या जागी दारावरच्या घंटीचं बटण!

इकडे घरात वेगळाच गोंधळ. कुकर शिट्टी देईना, चिमटे कपडे धरीनात. भाजी वाटीनं वाढावी लागे. घंटी नाही म्हणून पाहुणे दार बडवत, आणि दारावर बडवून बडवून कडी निखळली. ती कडी मी लगेच सायलेन्सरला वापरली.

"गाडी होतेय, पण घर जातंय हो!" बायको कपाळाला हात लावून म्हणाली.

आणि या सगळ्यात सासरेबुवांची तब्येत! रविवारी निघायला उठले की खळखळ आवाज यायचा. चालले की खळखळ, जिना उतरले की खळखळ खळखळ. मला फार वाईट वाटायचं. गुडघ्यांनी अगदीच साथ सोडली म्हणायची.

"बाबा, गुडघ्यांना तेल चोळत जा," मी कळवळून सांगितलं. ते खिसे घट्ट धरून म्हणाले, "हो हो, चोळतो."

अखेर वाढदिवस उजाडला. आमच्या इमारतीभोवतीच्या रस्त्यावर चाळीस पाहुणे जमले. टेबलावर केक, आणि मधोमध ती! मी तिला अशी चकाकवली होती की तिच्यात बघून एका काकांनी भांग पाडला.

गॅरेजवाल्यानं वाकून डाव दाबून पाहिला.

"साहेब, ब्रेक लागेल. पण एकदाच लागेल."

"एकदाच लागायला हवाय," मी म्हणालो. सासरेबुवा मारणार होते एकच फेरी. शिवाय टाकीत पेट्रोल होतं फक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटलीभर. खबरदारी म्हणजे खबरदारी!

मी घंटीचं बटण दाबलं आणि किक मारली. काही नाही. दहा किका मारल्या. पायात गोळा आला. पाहुण्यांत कोणीतरी 'बल्ब' म्हणाल्याचं मी स्पष्ट ऐकलं.

"चोक ओढा आधी," मागून सासूबाई म्हणाल्या.

मी चोक ओढला. अकरावी किक. ढग... ढगढग... ढगढगढगढग!

टाळ्यांचा कडकडाट! बायकोच्या डोळ्यांत पाणी! मी सासरेबुवांकडे वळून थाटात हात केला, "या बाबा!"

सासरेबुवांचा चेहरा पांढरा फटक. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला गाडीआड ओढलं.

"जावईबापू, मला चालवता येत नाही."

"आता सवय गेली असेल..."

"सवय नव्हतीच! मला कधीच येत नव्हती!"

"अहो, मग समुद्र? तो पूर?"

"आम्ही दोघं, असंच म्हणायचो ना मी? पुढे कोण होतं ते कोणी विचारलंच नाही. मग पोरगी मला शूर म्हणायला लागली. आता कोणत्या तोंडानं सांगू तिला?"

मला पहिल्यांदाच त्या माणसाची दया आली. तिकडे त्यांची पोरगी मोबाइल वर धरून उभी, तिच्या शूर बाबांची फेरी टिपायला.

"तुम्ही चालवा," ते गयावया करत म्हणाले. "मी मागे बसतो."

आता माझी पाळी आली.

"बाबा, मला सायकलसुद्धा येत नाही."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मधे गाडी ढगढगत होती. तेवढ्यात माझ्या हातात एक पर्स आली.

"धरा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, टांग टाकली, हँडल असं धरलं की गॅरेजवाल्यानं टोपी काढली. "बसा मागे. नेहमीसारखे."

सासरेबुवा बसले. कंबरेला मिठी मारली. डोळे मिटले.

गाडी निघाली! पाहुणे वेडे झाले. बायकोच्या तोंडाचा 'आ' मिटायलाच तयार नाही. "आई? अहो, आई?"

पहिली फेरी झोकात झाली. सासूबाईंनी हात हलवला. दुसऱ्या फेरीला टेबलासमोर त्यांनी ब्रेक दाबला आणि डाव निखळून केकमध्ये उभा रुतला. गाडी आपली पुढे!

तिसऱ्या फेरीला क्लचची तार तुटून हातात आली. "ही कसली तार बसवलीत?" त्या जाता जाता ओरडल्या.

"कपडे वाळत घालायची!"

"स्प्रिंग अडकलीय! वेग कमी होईना!" चौथी फेरी.

"तो चिमटा आहे!"

वेग तसा फार नव्हता. एक आजोबा काठी टेकत बराच वेळ बरोबर चालत होते. पण थांबायचं नाव नाही! घंटीचं बटण आत रुतून बसलेलं. पाचव्या फेरीला कुकरची रिंग घरंगळत माझ्या पायाशी आली. सहाव्या फेरीला दाराची कडी.

"अहो, खरा ब्रेक कुठे आहे?" सातव्या फेरीला सासूबाई गरजल्या.

"चोरीला गेला!" मी हंबरडा फोडला.

तेव्हा मागून, डोळे मिटूनच, सासरेबुवा ओरडले, "चोरीला कसा? वहीत बघा!"

बायको पळत वरून वही घेऊन आली. उघडली. आणि भर रस्त्यात खड्या आवाजात वाचू लागली, "क्रमांक ११७, ब्रेकचा पेडल. नेणार: सासरे. कारण: वैयक्तिक. सही. क्रमांक ४२, चावीचा स्विच. नेणार: सासरे. कारण: भीती. सही. क्रमांक ९०, स्प्रिंग. कारण: वरीलप्रमाणे."

पाच नोंदी! सुवाच्य अक्षरात! प्रत्येकीखाली तारीख! बावीस वर्षं मी वही बाळगली, रेघा आखल्या, धूळ पुसली, लोकांच्या सह्या घेतल्या. ती उघडून वाचायची असते, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. ऑफिसातल्या त्या चौदा हजार फायलींचं पुढे काय झालं असेल, या विचारानं मी रस्त्याच्या कडेला खालीच बसलो.

एकोणिसाव्या फेरीला खोकल्याची बाटली संपली. गाडी ढग... ढग... करत बरोब्बर केकसमोर थांबली. सासूबाईंचे गाल लाल झाले होते, केस उडाले होते, आणि त्या वीस वर्षांनी लहान दिसत होत्या. सासरेबुवा उतरले. उतरताना खळखळ आवाज झाला. त्यांनी दोन्ही खिशांतून पाचही भाग काढून टेबलावर मांडले, क्लचची तार तेवढी कोटाच्या अस्तरातून ओढून काढावी लागली. मग वही मागितली आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहिलं, 'परत केले.' सही.

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "मी मागे बसायचो गं," ते म्हणाले. "कायम."

बायकोनं त्यांना मिठी मारली. "पुरातून सुद्धा मागेच बसलात?"

"डोळे मिटून."

"मग याहून शूर काय असतं, बाबा? आईच्या मागे बसायचं, आणि तेही पुरात!"

सगळे हसले. सासरेबुवांनी डोळे पुसले आणि पंचेचाळीस माणसांसमोर, हो, वाटेत पाच वाढली होती, जाहीर केलं, "गाडी मात्र आमच्या जावईबापूंनीच चालू केली!" मी मान ताठ केली. कोणीही बल्बचं नाव काढलं नाही.

आता गाडीला तिचे खरे पार्ट बसलेत. कुकर शिट्टी देतो. सासूबाईंनी महिन्याभरात माझ्या बायकोला गाडी शिकवली. मलाही शिकवायला घेतलं होतं, पण सुरुवातीलाच मी शेजारच्या कुंपणात गेलो, आणि तो विषय आम्ही तिथेच संपवला.

परवा ऑफिसात फाईल न्यायला आलेल्या मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "काय हो, ऐकलं ते खरं का? तुम्ही म्हणे जुन्या मोटारसायकलवरून थेट धरणापर्यंत जाऊन आलात?"

मी फाईल बाजूला ठेवली, खुर्चीत रेलून बसलो आणि म्हणालो, "हो तर! आम्ही दोघं जाऊन आलो!"

पुढे कोण होतं ते त्यांनी विचारलं नाही. मीही लगेच वही पुढे सरकवली, सहीसाठी.