शीटमधला पाणघोडा

“आईचं सामान हलवताना आपल्या घरात कुणाचाही आवाज चढणार नाही, ही माझी गॅरंटी!” दादाने बायकोला छातीठोकपणे सांगितलं आणि लॅपटॉप उघडला.

आईचे गुडघे जिन्याला कंटाळले होते. दादाच्या घराजवळ तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला यायचं तिने कबूल केलं होतं. तिथे अख्खा संसार मावणार नव्हता, म्हणून उरलेल्या वस्तू तिन्ही भावंडांनी वाटून घ्यायच्या होत्या. दादा गोदामात साठ्याची नोंद ठेवायचा. दिवसभर खोक्यांना शिस्त लावणाऱ्या माणसाला आईचं एक कपाट काय जड! त्याने झकास ऑनलाइन शीट बनवली. डावीकडे वस्तू, उजवीकडे ती नेणाऱ्याचं नाव. धाकट्या भावाला आणि बहिणीला एडिट करायचे अधिकार दिले आणि लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. बहीण बँकेत अधिकारी होती, दोन मुलांची आई होती, पण घरात अजून चिमीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाई मशीनसमोरचं ‘चिमी’ गायब! तिथे लिहिलं होतं, ‘माझ्याकडे राहील.’

दादाने धाकट्याला फोन लावला. “मशीन तुला कशाला रे? तुला साधं बटण लावता येत नाही!”

“कसली मशीन? मी अजून दात घासतोय!”

“हे असं मोघम उत्तर गुन्हेगारच देतात,” म्हणत दादाने त्याचा एडिटचा अधिकार काढून टाकला.

पाचच मिनिटांत धाकट्याचा उलटा फोन. “माझ्या नावापुढे नुसतं ‘पाहू शकतो’? मी काय प्रदर्शनाला आलोय?”

दुपारी आरशाच्या टेबलासमोर पुन्हा तेच, ‘माझ्याकडे राहील.’ म्हणजे चिमी! दादाने तिचाही अधिकार काढला. आता शीटला हात लावू शकणारा या पृथ्वीतलावर एकटा तोच उरला होता. तो समाधानाने चहा प्यायला आणि परत येऊन बघतो तर आरामखुर्ची गेलेली!

“मी झोपेत तर लिहीत नाही ना?” त्याने बायकोला विचारलं.

“झोपेत तुम्ही फक्त घोरता,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. “अहो, हे वर कोपऱ्यात गोल चित्र कसलं?”

दादाने त्यावर बाण नेला. अक्षरं उमटली: ‘अनामिक पाणघोडा’.

दादाचा राग कुठल्या कुठे गेला. अंगात अशी उत्सुकता संचारली की बसवेना. कोण असेल हा? त्याला आपली आरामखुर्ची कशाला हवी? त्याने चिमीला फोन केला.

“चिमे, खरं सांग. तुमच्या घरात पाणघोडा कोण आहे?”

पलीकडे स्फोट झाला. “दादा! यांचं वजन थोडं वाढलंय, म्हणून तू घरच्या जावयाला असं बोलणार? स्पीकर चालू आहे! ते ऐकतायत!”

“अगं, मी शीटमधला म्हणतोय...”

फोन बंद. पाठोपाठ चिमी आणि तिचा नवरा दोघंही ग्रुप सोडून गेले. आवाज न चढण्याच्या गॅरंटीचं केव्हाच वाटोळं झालं होतं.

“ते बघा!” बायको ओरडली. शीटमध्ये एक जांभळी चौकट गोगलगाईच्या गतीने सरकत होती. कपाटापाशी येऊन थांबली. दादाने श्वास रोखून शेजारच्या रकान्यात टाइप केलं, ‘कोण आहे?’

चौकट दचकल्यासारखी स्थिर झाली. मग एकेक अक्षर उमटत गेलं.

‘तू कोण?’

‘मी या शीटचा मालक.’

‘अस्सं. मालक, जेवलास का?’

साऱ्या जगात हा प्रश्न त्याला एकच व्यक्ती विचारायची.

तो तसाच चपला अडकवून निघाला. आई खिडकीपाशी चष्मा नाकावर घेऊन टॅबलेटवर बोट फिरवत बसली होती.

“तू? अगं, पण तुला लिहायचा अधिकार कुणी दिला?”

“तूच! ग्रुपवर लिंक टाकलीस. मी दाबली. उघडलं.”

दादाने आपल्या फोनवर शीटच्या परवानग्या उघडल्या आणि कपाळावर हात मारला. भावंडांची नावं एकेक करून काढली होती खरी, पण खाली ठळक अक्षरांत होतं: ‘लिंक असलेली कोणतीही व्यक्ती एडिट करू शकते.’ घराला कुलूप घालून चावी ग्रुपवर वाटली होती त्याने! आणि स्वतःचं खातं नसताना आत शिरलेल्या आईला शीटनेच ‘अनामिक पाणघोडा’ हे नाव चिकटवलं होतं.

“आई, मशीनवर तू आता शिवतसुद्धा नाहीस.”

“नाही शिवत. पण तिच्यावर कोपर टेकून रोज खिडकीतून बाहेर बघत चहा पिते. नव्या घरात कोपर कुठे टेकू?” ती शांतपणे म्हणाली. “तुम्ही तिघांनी एकमेकांना विचारलंत. मला कुणी विचारलं का रे?”

दादा तिच्या शेजारी बसला. तिथूनच चिमीला आणि जावईबापूंना फोन करून त्याने पाणघोड्याचा खुलासा केला. जावईबापू इतके हसले की स्पीकर फाटायची वेळ आली. मग दादाने आईचं खातं उघडून दिलं, शीटची मालकी तिच्या नावावर केली आणि लिंकवरून कुणालाही लिहिता येणार नाही, अशी सोय केली.

दुसऱ्या दिवशी आईने वाटणी जाहीर केली. मशीन, आरसा, आरामखुर्ची तिच्याचकडे. कपाट धाकट्याला, घड्याळ चिमीला. दादाने अधीरपणे बोट खाली खाली नेलं आणि शेवटच्या ओळीत त्याला स्वतःचं नाव सापडलं.

‘दादा: सगळं सामान खाली उतरवणे.’

तो घाईघाईने ते खोडायला गेला. शीटने नम्रपणे कळवलं, ‘तुम्हाला फक्त पाहण्याची परवानगी आहे.’