दरवान जागा असता तर

"एका पाटीवर तीनशे माणसं आणून दाखवतो," असं जरतररावांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको चहा गाळत होती. तिने गाळणी जरासुद्धा हलू दिली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि अशा घोषणांना तिचा हात सरावला होता.

जरतरराव हे अर्थातच गावाने ठेवलेलं नाव. जुन्या वेशीला लागून जी लांबट खोली आहे, त्या वस्तुसंग्रहालयाचे ते प्रमुख, कारकून आणि धूळ झटकणारे असे तिन्ही होते. हाताखाली एक चौकीदार. इतिहासात जे घडलं त्यात जरतररावांना बेताचाच रस होता. जे घडलं नाही, ते मात्र त्यांना तोंडपाठ होतं. तुम्ही ठेच लागून पडलात, तर हात देण्याआधी ते विचारणार, "डावा पाय आधी टाकला असतात तर?"

आता संग्रहालयावरच संक्रांत आली होती. वरच्या कार्यालयातून पत्र आलं होतं की खोलीत माणसं येत नाहीत, तेव्हा ती जुन्या फायली ठेवायला का घेऊ नये? वीस तारखेला मोठे साहेब स्वतः पाहणी करणार होते. पत्रात खोटं काही नव्हतं. रोज येणारा एकच माणूस होता आणि तो पंख्याखाली पेपर वाचायला येई. पण जरतररावांनी आयुष्याची बावीस वर्षं त्या खोलीत काढली होती. तिथल्या दोन तलवारी, एका सेनापतीचा एक जोडा आणि वेशीची मोडकी कडी यांच्यावर त्यांचा जीव होता. खोली गेली असती, तर ते गेल्यासारखेच होते.

"आणि पाटीवर लिहिणार काय?" बायकोने विचारलं.

"त्या दुपारी दरवान जागा असता तर!"

"आत्याबाईला मिशा असत्या तर," बायको म्हणाली आणि कप पुढे सरकवला.

दरवानाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. दोनशे वर्षांपूर्वी शत्रूचं सैन्य चालून आलं. वेशीवरचा दरवान जेवून जरा लवंडला होता, दार उघडंच राहिलं होतं. सैन्य आत आलं, दरबार ताब्यात घेतला आणि राजधानी शेजारच्या गावी नेली. दरवान उठला तेव्हा राज्य बदललं होतं. ही गोष्ट ऐकून कुणाला कधी वाईट वाटलं नव्हतं.

जरतररावांनी ते वाटायला लावलं. पाटीवर त्यांनी क्रमाने मांडलं: दरवान जागा असता, तर दार लागलं असतं. सैन्य बाहेर तहानलं असतं आणि परत गेलं असतं. राजधानी इथेच राहिली असती. मग इथेच तीन पूल, इथेच मोठं इस्पितळ, इथेच चार फलाटांचं स्टेशन. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा हात सुटला आणि त्यांनी लिहून टाकलं, 'नळाला दिवसभर पाणी.'

त्या पाण्याने घात केला. दोन दिवसांत रांग लागली. लोक पाटी वाचत, आपलं न झालेलं इस्पितळ डोळ्यांपुढे आणत आणि वहीत सही करत. चौथ्या दिवशी दीडशे सह्या झाल्या. जरतरराव घरी शीळ घालत आले.

पण इतिहास वाचला की माणसाला कुणाचा तरी राग यावाच लागतो. शत्रूचं सैन्य तर केव्हाच निघून गेलं होतं. उरला दरवान, आणि त्याचा खापरपणतू वेशीसमोरच सलून चालवत होता. लपायची सोयही नव्हती. दुकानावर त्याने स्वतःच मोठ्या हौसेने लिहून घेतलं होतं, 'वेशीच्या मूळ दरवानांचे वंशज.'

अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आरशात बघत म्हणे, "तुमच्या पूर्वजांनी डोळ्यांना जरा पाणी लावलं असतं, तर आज आमच्या नळाला आलं असतं." कुणाची गाडी चुकली, कुणाच्या चाकाखाली खड्डा आला, कुणाचा जावई बेकार बसला, सगळ्याचं खापर त्या एका डुलकीवर. आठवड्याभरात सलूनची खुर्ची रिकामी पडली. गावाची दाढी वाढली, पण ती करायला कुणी दरवानाच्या घराण्याकडे जाईना.

शेवटी सलूनवाला जरतररावांच्या घरी आला. पन्नाशीचा, शांत माणूस. चहाला हात न लावता बसून राहिला.

"साहेब, आमचा म्हातारा एकदाच झोपला हो," तो म्हणाला. "तुम्ही मला रोज जागं ठेवलंत."

जरतरराव ओशाळले. त्यांना खरंच वाईट वाटलं. जे घडलं नाही त्याने कुणाला लागतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मी पाटी काढतो," ते म्हणाले.

"काढून काय होणार? वाचली सगळ्यांनी."

आतून बायको आली. "माणसाचं चालतं दुकान बसवलंत," ती म्हणाली. "दरवानाला जागं तुम्ही केलंत ना? मग आता तुम्हीच परत झोपवा."

जरतरराव टुणकन उठले आणि कागद शोधू लागले. दुसऱ्या दिवशी नवी पाटी लागली. दरवान जागा असता, तर दार लागलं असतं. इथवर तेच. पण आता सैन्य परत जाईना. सहा महिने वेढा पडला, तोफा धडाडल्या, आग लागली, घर म्हणून उरलं नाही. वाचले ते दहा दिशांना पांगले. मग तुमचे पणजोबा नि पणजी भेटले असते कुठे? 'तेव्हा वाचकहो,' असा शेवट होता, 'आपण सगळे त्या एका डुलकीची लेकरं आहोत.'

वाचणाऱ्यांनी शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग एकजण बाहेर पडला तो सरळ सलूनमध्ये गेला आणि दाढी नसतानाही दाढीला बसला. संध्याकाळपर्यंत बाकावर जागा उरली नाही. लोक सलूनवाल्याचा हात हातात घेऊन सांगू लागले, "तुमच्यामुळे आहोत." तोही तरतरीत झाला. डोक्याला तेल चोळून देऊ लागला, आणि चोळून झाल्यावर गिऱ्हाइकाने दहा मिनिटं खुर्चीतच पडायचं, असा नियम केला.

गावात झोपेला प्रतिष्ठा आली. पोस्टाची खिडकी दुपारी दीडला बंद होऊ लागली आणि तक्रार करणाऱ्याला कारकून शांतपणे विचारी, "तुम्हाला वेढा हवा होता का?" नवऱ्यांना कोचावरून उठवणं अवघड झालं. संग्रहालयाचा चौकीदार आजवर चोरून झोपत असे. आता तो तत्त्वाने झोपू लागला. फक्त पूर्वजांची चूक नको म्हणून आधी दाराला आतून कडी घालायचा.

अठरा तारखेलाच तीनशे सह्या झाल्या. वीस तारखेला साहेब तीनच्या गाडीने येणार होते. जरतररावांनी तलवारी पुसल्या, सेनापतीच्या जोड्याला पॉलिश केलं, साडेतीनला गर्दी करायला पन्नास माणसांना सांगून ठेवलं आणि अडीचलाच स्टेशनवर जाऊन उभे राहिले.

साहेब कार्यालयाच्या मोटारीने, दुसऱ्या रस्त्याने, पावणेतीनला वेशीपाशी उतरले.

दार बंद. साहेबांनी टकटक केली. आतून घोरणं ऐकू आलं. साहेबांनी दार बडवलं, तेव्हा रस्त्याने जाणारे एक आजोबा थांबले. "उठवू नका त्याला," ते हळूच म्हणाले, "ड्यूटीवर आहे."

साहेब तांबडेलाल झाले. ऊन रणरणत होतं. तेवढ्यात समोरून सलूनवाल्याने हाक मारली, "साहेब, सावलीत तरी या." साहेब गेले. पंखा होता, खुर्ची मऊ होती. सलूनवाल्याने विचारलंसुद्धा नाही, डोक्यावर तेल घातलं आणि चोळायला लागला.

गाडी आली, गेली, साहेब उतरले नाहीत. जरतरराव धावत परतले, तर सलूनबाहेर ती पन्नास माणसं ओठांवर बोट ठेवून उभी! आत खुर्चीत गळ्याला टॉवेल बांधलेले मोठे साहेब चौकीदाराच्या सुरात सूर मिसळून घोरत होते.

"उठवा त्यांना," जरतरराव कुजबुजले. "पाहणी राहिलीय."

"झोपलेल्याला जागं करायचा प्रयोग एकदा केलात ना?" सलूनवाला म्हणाला. "मग?"

जरतरराव बाकावर बसले. साहेब सव्वापाचला उठले, घड्याळ बघून दचकले, कुणाशी न बोलता मोटारीत बसले आणि निघून गेले. तीनशे सह्यांची वही जरतररावांच्या काखेतच राहिली.

पुढचे आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. साहेब तीनच्या गाडीनेच आले असते तर, चौकीदाराला रजा दिली असती तर, ऊन नसतं तर. एकेक जर काढून ते उसासे टाकत. बायकोनेही त्या आठवड्यात आत्याबाईचं नाव काढलं नाही.

नवव्या दिवशी पत्र आलं. संग्रहालय आहे तिथे, आहे तसं चालू ठेवावं.

जरतररावांनी पत्र तीनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. मग छाती फुगली. "बघितलंस? पाटीची ताकद."

"पाटी त्यांनी वाचली कुठे?" बायको म्हणाली. "दार तर बंद होतं."

"सह्यांचा बोलबाला तिथवर पोचला असेल. थांब, आभारच मानतो." आणि त्यांनी फोन लावला.

साहेब छान मजेत होते. "अहो, आभार कसले? दोन वर्षं मला धड झोप नव्हती. औषधं झाली, डॉक्टर झाले. तुमच्या त्या खुर्चीत काय लागली हो! आता दर महिन्याला पाहणीला येणार मी. संग्रहालय बंद केलं, तर यायला निमित्त काय उरतं?"

"पण साहेब," जरतररावांना राहवेना, "त्या दिवशी दार उघडं असतं आणि आपण आत आला असता तर?"

"आत?" साहेब हसले. "मी तुम्हाला खरं सांगू का? फायलींची कपाटं लावायला मापाची पट्टी घेऊनच आलो होतो. आत आलो असतो, तर जागच्या जागी बंद केलं असतं."

जरतररावांनी फोन हळूच खाली ठेवला.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"काही नाही," जरतरराव म्हणाले. "चौकीदाराची चौकशी करत होते."