खुनी जमा करण्याची खिडकी

आमच्या बार्शीत चंद्रविलास टॉकीजला रहस्यपट बघून बाहेर पडताना खुनी कोण होता हे खिडकीवर जमा करून जावं लागायचं.

यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. देवळात चपला काढतात, तसंच ते. खेळ सुटला की डाव्या हाताला रांग लागायची. खिडकीत रज्जाक तांबोळी, म्हणजे आमचे चाचा, कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन बसलेले असायचे. आपण वाकून हळूच नाव सांगायचं, ते चिठ्ठीवर लिहायचे, घडी घालून मागच्या खणात टाकायचे आणि आपल्याला पत्र्याचा बिल्ला द्यायचे. चिठ्ठीची घडी पडली की आपल्या डोक्यातून तेवढंच निघून जायचं. पिक्चर आठवायचा, गाणी आठवायची, माणसंही आठवायची. फक्त त्यातल्या कुणी खून केला ते आठवायचं नाही, आणि शेवटची दहा मिनिटं धुक्यात गेल्यासारखी व्हायची.

गावात टॉकीज एकच, पिक्चरची पेटी एकच, आणि ती निदान तीन आठवडे चालायला हवी. म्हणून मालकांनी ही पद्धत घातली होती. आमच्या जन्माआधीची गोष्ट.

मी कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मैत्रिणींबरोबर एक रहस्यपट बघितला. बाहेर आल्यावर मी अर्धा तास खिडकी शोधत होते. शेवटी दारावरच्या माणसाला विचारलं, "काका, खुनी कुठं जमा करायचा?" त्यानं मला पोलीस चौकीचा रस्ता दाखवला. नाव तसंच डोक्यात घेऊन मी होस्टेलवर आले. तेव्हापासून त्या बिचाऱ्या वॉचमनचं तोंड माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणजे पिक्चरमधल्या वॉचमनचं. बघा, सांगून बसले.

प्रत्येक पिक्चरला जमा करावं लागायचं असं नाही. खिडकीवर बोर्डच होता. भुताच्या पिक्चरला जमा काही नाही, भूत कोण ते पोस्टरवरच असायचं. घाबरणं घरी न्यायला परवानगी होती. सुडाच्या पिक्चरला नाही, कारण व्हिलन पहिल्या रिळातच हिरोच्या बापाला मारायचा, आणि ते हजार माणसांसमोर. पाठलागाच्या पिक्चरलाही नाही, फक्त तो सुटल्यावर सायकल स्टँडपाशी कुणी उभं राहायचं नाही. हेरगिरीला दोन चिठ्ठ्या लागायच्या, एक फितुराची आणि एक साहेबाची. आणि ज्यात हिरोच खुनी असतो आणि त्याला स्वतःला ते माहीत नसतं, असल्या पिक्चरच्या वेळी बाया चिठ्ठी देऊन बाहेर यायच्या आणि घरी जाईपर्यंत हळहळायच्या, "किती गुणी पोरगं, आणि कोण हात धुऊन लागलंय बघा त्याच्या मागं."

आई फक्त रहस्यपट बघायची. म्हणायची, "भुताचा अंगावर येतो, सुडाचा कानात बसतो. रहस्याचा डोक्यात जातो. आणि माझ्या डोक्याला दिवसभर काम काय, तर आमटीत मीठ घातलं का नाही." अंधारात तीन तास बसून तिला एकटीला ठरवता यायचं, कोण खरं बोलतंय आणि कोण खोटं. तिला ते दुसरीकडे कुठं विचारत नव्हतं कुणी.

नाना, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते. भोंगा कधी होणार, धागा कुठं तुटणार, मुकादम काय बोलणार, सगळं त्यांना आधीच ठाऊक. त्यामुळं ज्यात काहीच ठाऊक नसतं अशी गोष्ट त्यांना फार आवडायची. हे मी आता म्हणतेय. तेव्हा मला वाटायचं, ते वडापावसाठी जातात. मी तरी त्यासाठीच जायचे.

मार्चमध्ये परीक्षांमुळं नवीन पिक्चर मिळायचा नाही, तेव्हा चंद्रविलासला दरवर्षी 'अधूरी सीटी' लागायचा. डोंगरावरचा बंगला, दर खुनाआधी कुणीतरी शीळ घालतं आणि ती मध्येच तुटते. संशय चौघांवर: डॉक्टर, वकील, चाकाच्या खुर्चीतली आत्या आणि माळी. आई-नाना तो नऊ वेळा बघून आले. मी तीनदा. नऊ वेळा आई म्हणाली आत्या, आणि नऊ वेळा नाना म्हणाले डॉक्टर.

"खुर्चीतली बाई खून करते होय? जिना कसा चढली?" नाना म्हणायचे.

"चढली नाही. तिला चढायची गरजच नव्हती. तुम्ही बघत होता का झोपला होता?"

आत, टॉकीजमध्ये, दर वेळी दोघांपैकी कुणीतरी जिंकत असणार किंवा दोघंही हरत असणार. पण खिडकीवरून बाहेर आले की दोघंही कोरे. वाद पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरात तो वर्षभर चालायचा, भाजी निवडताना, गादी घालताना, पाहुण्यांसमोर. गिरणी बंद पडली आणि नाना घरी बसले, तेव्हा तर तेवढंच चालू होतं. दिवसभर गप्प बसलेला माणूस आई समोर आली की म्हणायचा, "डॉक्टरच तो." आणि मग जेवायचा.

गिरणी गेल्यापासून, म्हणजे शेवटची सतरा वर्षं, नाना एक विचित्र बोलायचे. आई म्हणायची, "आत्या नाही तर मग काय माळी?" तर नाना म्हणायचे, "कुठला माळी? पिक्चरमध्ये माळी नव्हताच." आम्ही समजलो, वय झालं.

नाना जाऊन दोन वर्षं झाली. आई अजून वाद घालते. फोटोशी नाही, तिला असला भाबडेपणा चालत नाही. नुसतीच, हवेत. समोरून उत्तर येत नाही, म्हणून दोन वाक्यांत थांबते.

फेब्रुवारीत पेपरात नोटीस आली. चंद्रविलास पाडणार. ज्यांचे खुनी जमा आहेत त्यांनी महिनाअखेरपर्यंत बिल्ला दाखवून घेऊन जावेत, नंतर चिठ्ठ्यांचा लगदा होईल. 'अधूरी सीटी'ची पेटी कधीच खराब झालेली. म्हणजे आता चिठ्ठी गेली की नाव कायमचं गेलं.

मी पुण्याहून पहिल्या एसटीनं आले. मला ते नाव हवं होतं, खरंच सांगते. आता मी मोबाईलवर आठ-आठ भागांच्या मालिका बघते, दहाव्या मिनिटाला खुनी ओळखते आणि तरी आठही भाग बघते, कारण आमचे हे शेजारी झोपलेले असतात आणि मी बरोबर ओळखलं हे सांगायला कुणी नसतं. आयुष्यात न ओळखलेला तेवढा एक खुनी उरला होता.

आईनं बिल्ले डब्यातून काढून ठेवले होते. स्वतःचा शेवटचा, नानांचा शेवटचा, माझाही. आणि नानांचा मृत्यूचा दाखला.

"घ्यायचं नाहीये," ती म्हणाली. "सोडून द्यायचंय. त्याचाही फॉर्म असतो म्हणे."

"आई! तीस वर्षं भांडलीस, आणि आता चिठ्ठी समोर असताना बघणार नाहीस?"

"बघून काय करू? ह्यांचं बरोबर निघालं तर कुणाला सांगू, तुमचं बरोबर होतं म्हणून? आणि माझं निघालं तर कुणाला टोमणा मारू? राहू दे तसंच. तसं आहे तोवर चालू तरी आहे."

मी रिक्षा बोलावली.

टॉकीजच्या खुर्च्या काढून नेल्या होत्या. खिडकी होती, आणि खिडकीत चाचा होते, पांढऱ्या दाढीचे. चाचांनी आयुष्यात एकही पिक्चर बघितलेला नाही, नोकरीची अटच होती ती. ते म्हणायचे, "मला सगळे खुनी माहीत आहेत. त्यांनी कुणाला मारलं, ते तेवढं ठाऊक नाही."

"या वहिनी. पोरगी पण आली का? वजन वाढलं गं हेमा."

"पुण्याचं पाणी, चाचा."

"सोडायच्यात म्हणता दोन्ही?" त्यांनी फॉर्म पुढं केले. "तुमची तुम्ही सोडू शकता. नानांची सोडायला वारसाची सही, दाखला, आणि चिठ्ठी एकदा पडताळावी लागते. नियम आहे."

त्यांनी नानांची चिठ्ठी काढली, उघडली आणि बघत बसले. मग त्याच खेळाचा सगळा गठ्ठा काढला. तीनशे बारा चिठ्ठ्या. एकेक उघडून परत मिटली. आम्ही उभ्या होतो. मागं एक गृहस्थ बिल्ला घेऊन खोकत होते.

"वहिनी," चाचा म्हणाले, "सही करायच्या आधी तुम्हाला एक सांगणं माझं काम आहे. ह्या खेळाला तीनशे अकरा माणसांनी एकच नाव सांगितलं. नानांनी दुसरं सांगितलं."

"म्हणजे?"

"नानांच्या चिठ्ठीवर माळी आहे. बाकी कुणाच्या चिठ्ठीवर माळी नाही."

आई बघत राहिली. मलाही एक मिनिट लागलं. मी आठ भागांच्या मालिका बघते, तरी एक मिनिट लागलं.

माळ्यानं खून केल्याची आठवण नानांच्या डोक्यात नव्हतीच, त्यामुळं चिठ्ठीनं जे सापडलं ते घेतलं. अख्खा माळीच घेतला, कात्री आणि झारीसकट. आणि खरं नाव राहिलं नानांकडेच.

"मला त्याच दिवशी शंका आली होती," चाचा म्हणाले. "मी म्हटलं, नाना, नीट सांगा. तर म्हणाले, चाचा, गिरणी गेली, आता घरी जाऊन बोलायला एवढा एकच विषय आहे माझ्याकडं. तो नीट चालवायचा तर मला ठाऊक असायला हवं. मी लिहून घेतलं. चूक झाली माझी, पण लिहून घेतलं."

"सतरा वर्षं," आई म्हणाली. "सतरा वर्षं ह्या माणसाला माहीत होतं." तिचा आवाज चढला, मागचे गृहस्थ खोकायचे थांबले. "माहीत असून रोज माझ्याशी भांडत होता! मी इथं घसा कोरडा करायची, आणि हा मनात हसत होता काय? का हरला होता, म्हणून बोलत नव्हता? काय ओ रज्जाकभाई, हरले होते का जिंकले होते?"

"ते तुमच्या चिठ्ठीत आहे, वहिनी. माझ्या तोंडून निघायचं नाही."

आईनं सोडून देण्याचा फॉर्म उलटा करून ठेवला. "द्या," ती म्हणाली.

चाचांनी चिठ्ठी दिली. आईनं चष्मा बदलला, चिठ्ठी उघडली, वाचली. एकच शब्द असणार, पण ती बराच वेळ वाचत होती. मग मिटली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"लबाड," ती म्हणाली. एवढंच.

"कोण होतं, आई?"

"आत्या."

"चिठ्ठीत आहे तसं?"

"चिठ्ठीत काय आहे ते चिठ्ठीत. मी म्हणतेय, आत्या."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावरून काहीही कळत नव्हतं, आणि मी चांगलं ओळखते. अगदी सरळ चेहरा. असा चेहरा मी सतरा वर्षं घरात बघितला होता, आईच्या समोरच्या पाटावर.

"हेमा, तुझा बिल्ला?" चाचांनी विचारलं. "तुझी पण इथंच आहे."

त्यांनी माझी चिठ्ठी काढून खिडकीच्या लाकडावर ठेवली. माझ्या हातापासून वीतभर. बारीक, पिवळी, कोपऱ्यात वडापावचं तेल लागलेली. ती माझीच, यात शंका नको.

आई थांबली होती. खिडकीकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. एक वाक्य टाकून पुढच्या वाक्याची वाट बघतात, तशी. दोन वर्षांत तिला ते मिळालं नव्हतं. आणि चिठ्ठी उघडली तर माझ्याकडून मिळणार नव्हतं, कारण मला नानांसारखा सरळ चेहरा ठेवता येत नाही. मला काहीच लपवता येत नाही. वॉचमनचं आत्ताच सांगून बसले नाही का?

"डॉक्टर," मी म्हणाले.

"डोक्यावर पडलीस का? डॉक्टर त्या वेळी दवाखान्यात होता."

"कोण म्हणालं? कंपाउंडर. आणि कंपाउंडरचा पगार कोण देतो?"

"अगं, पण शीळ! शीळ गच्चीवरून आली!"

"बाईला शीळ घालता येते का?"

"मला येते," आई म्हणाली, आणि मागच्या गृहस्थांकडं बघून जरा लाजली.

"हेमा," चाचा म्हणाले, "घेतेस का सोडतेस?"

"सोडते."

त्यांनी फॉर्म दिला. मी नाव लिहिलं, बिल्ल्याचा नंबर लिहिला, पिक्चरचं नाव लिहिलं. खाली एक रकाना होता, सोडण्याचं कारण. मी पेन धरून उभी राहिले. आई शेजारून बोलतच होती, जिना किती पायऱ्यांचा होता आणि डॉक्टरच्या बुटाला चिखल का नव्हता.

मी लिहिलं, डॉक्टरची बाजू घ्यायला घरात दुसरं कुणी नाही.

चाचांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, चालेल, आणि शिक्का मारून माझी चिठ्ठी लगद्याच्या पोत्यात टाकली.